धडधडणारा ऑर्गन आणि हेडफोन लावलेला ड्रमर

मागच्या वेळी आपण फिल्टरबद्दल बोललो. आज आवाज तालात लहानमोठा होतो, म्हणजे ट्रेमोलो, त्याबद्दल.

ही कल्पना काही विजेबरोबर आली नाही. आपल्याकडच्या कितीतरी हार्मोनियमला ट्रेमोलोची खुंटी असते. ती ओढली की हवेच्या वाटेवरची झडप थरथरते आणि सूर हलायला लागतो. वाजवणारे बहुतेक वेळा ती बंदच ठेवतात, ते सोडा. मुद्दा असा की त्या थरथरीची गती भात्यातल्या हवेवर ठरते. आपल्याला हवी तेवढी, अगदी मोजून, ती ठेवता येत नाही.

नावांचा घोळही इथेच सांगून टाकतो. स्वर वरखाली हलला तर व्हायब्रॅटो, आवाजाचा जोर हलला तर ट्रेमोलो. पण फेंडर कंपनीने आपल्या ॲम्प्लिफायरवर ट्रेमोलोला ‘व्हायब्रॅटो’ म्हटलं आणि गिटारवरच्या स्वर हलवणाऱ्या दांडीला ‘ट्रेमोलो’. लोक आजही गोंधळतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

खरा बदल झाला 1964 साली. रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर काम करताना व्होल्टेजवर चालणारी सुटी मोड्यूल्स तयार केली. त्यातल्या ॲम्प्लिफायरचा आवाज हाताने बटण न फिरवता व्होल्टेजने कमीजास्त होतो. आता हे व्होल्टेज एका संथ ऑसिलेटरकडून घ्या. तो सेकंदाला चार वेळा हलला, तर आवाजही सेकंदाला चार वेळा उठतो-बसतो. 120 च्या लयीत एका मात्रेला बरोबर दोन ठोके. ऑसिलेटरची लहर गोलसर असेल तर आवाज झुल्यासारखा येतो-जातो. चौकोनी असेल तर सरळ चालू-बंद, सुरीने कापल्यासारखा. वेग वाढवत सेकंदाला वीसच्या आसपास नेला की ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, आवाजाचा पोतच खरखरीत होतो.

आता 1971 मध्ये येऊ. ‘द हू’ या इंग्लिश बँडचा ‘हूज नेक्स्ट’ हा अल्बम. त्यातलं पहिलं गाणं ‘बाबा ओ’रायली’. यातले ‘बाबा’ म्हणजे पुण्यात जन्मलेले, अहिल्यानगरजवळच्या (पूर्वीचं अहमदनगर) मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते मेहेरबाबा. पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. ‘रायली’ म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. गाण्याच्या सुरुवातीची ती धावती लुकलुक सिंथेसायझरची आहे, असं आम्हीसुद्धा बरीच वर्षं धरून चाललो होतो. तसं नाही! तो लॉवरी कंपनीचा घरगुती ऑर्गन आहे. त्यात ‘मरिंबा रिपीट’ नावाची सोय होती: पट्टी दाबून ठेवली की सूर आपोआप पुन्हा पुन्हा ठोकला जायचा.

सिंथेसायझर आहे तो त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यात, ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये. तिथे टाउनशेंडने ऑर्गनचा आवाज लंडनच्या ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस-3 या यंत्रातून नेला. हाताने तो नुसते लांब स्वरसमूह धरत होता, धडधड यंत्राची. काटेकोर सांगायचं तर तिथे मुख्यतः फिल्टर उघडझाप करतो, नुसता आवाजाचा जोर नाही. कानाला मात्र ठोकाच लागतो.

आणि इथेच पंचाईत झाली. कीथ मून हा काही घड्याळासारखा वाजवणारा ड्रमर नव्हता. लयीला ओढत, ढकलत वाजवणं हाच त्याचा स्वभाव, आणि तोवर बँड त्याच्यामागे जायचा. तबलजी साथ करताना गायकाकडे कान ठेवतो, गायकही त्याच्याकडे. दोघांत देवाणघेवाण असते. टेपवरचा ऑर्गन कुणाकडेच कान ठेवत नाही. मंचावर हे गाणं करायचं तर मूनला हेडफोन लावून टेपच्या मागे जावं लागे. म्हणून आम्ही म्हणू, हे गाणं आठवेल तेव्हा ऑर्गन नव्हे, त्याखालचे ड्रम ऐका. साडेआठ मिनिटं तो माणूस त्या न बदलणाऱ्या ठोक्यावर वाजवतो, आणि दबलेला अजिबात वाटत नाही. मधे सगळे थांबतात, ऑर्गन एकटाच धडधडत राहतो, आणि मग मून परत येतो.

पुढच्या वेळी सीक्वेन्सर.