प्रक्षोभाचा कर्ता : यवतमाळ, २०१९

'भडकणे' आणि 'भडकवणे' या क्रियापदांमधील भेद केवळ व्याकरणाचा नाही. 'भडकवणे' हे प्रयोजक रूप आपल्या कर्त्याचे नाव मागते. 'भावना भडकल्या', 'भावना दुखावल्या' या लोकव्यवहारातील वाक्यांत मात्र भडकवणारा अध्याहृत राहतो. त्या मोकळ्या जागी लेखकाला आणून बसवणे मग सोपे होते.

कायद्याला ही जागा मोकळी सोडता येत नाही. इंग्रजी कायद्यात एकाच शब्दाने निर्दिष्ट होणाऱ्या दोन कल्पनांना मराठीत दोन शब्द आहेत : प्रक्षोभन आणि चिथावणी. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०० च्या पहिल्या अपवादानुसार गंभीर व आकस्मिक प्रक्षोभनामुळे खुनाचा अपराध सौम्य ठरू शकतो. परंतु ते प्रक्षोभन अपराध्याने निमित्त म्हणून स्वतःच ओढवून घेतलेले नसावे. नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा बचाव नाकारला, कारण घरातून निघून, जहाजावरून पिस्तूल घेऊन जाण्यात गेलेला काळ संताप निवळण्यास पुरेसा होता. कलम १५३ मध्ये चिथावणी हाच अपराध आहे. मात्र तेथेही चिथावणी देणाऱ्याचे कृत्य मुळात बेकायदेशीर असावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही या दोन्ही तरतुदी कायम आहेत.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात जे घडले, ते या दोन्ही अर्थांत बसत नाही. उद्घाटक म्हणून निमंत्रित केलेल्या नयनतारा सहगल इंग्रजीत लिहितात, या कारणावरून एका पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने संमेलन उधळण्याचा 'इशारा' दिला. आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. पक्षाध्यक्षांनी आपला विरोध नसल्याचे नंतर जाहीर केले, तरी निर्णय फिरला नाही. येथे प्रक्षोभक ठरलेले भाषण झालेलेच नव्हते. धमकीला 'इशारा' म्हटल्याबरोबर धमकावणारा सावध करणारा ठरला आणि निमंत्रित लेखिका संकटाचे कारण.

यवतमाळ ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होते, तेथील नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात भगवतीचरण शुक्ल प्रकरणात या प्रश्नाचे एक माप घालून दिले होते. शब्दांचा परिणाम जोखायचा तो विचारी व खंबीर मनाच्या माणसावरून. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यावरून नव्हे. 'तमस'संबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हेच माप स्वीकारले. पुढच्याच वर्षी रंगराजन प्रकरणात त्याने आणखी स्पष्ट केले की, निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही. तिचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी अध्यक्षीय भाषणात निमंत्रण रद्द करण्याच्या कृतीवर टीका केली. सहगल यांचे न झालेले भाषण वृत्तपत्रांतून वाचकांपर्यंत पोहोचले. उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. त्यांचा मान यथोचितच होता. पण तो दुसऱ्या एका स्त्रीच्या मौनावर उभा राहिला, हे विसरता येत नाही.

साहित्यसमीक्षा संहितेच्या परिणामांची चर्चा करते, तेव्हा परिणाम घडवणाऱ्या वाचकाचे कर्तृत्वही तिने मोजले पाहिजे. 'भावना भडकल्या' हे विधान पुढे आले की पहिला प्रश्न व्याकरणाचाच असावा : कोणी भडकवल्या? यवतमाळच्या प्रकरणात त्याचे उत्तर व्यासपीठावर शोधण्याचे कारण नव्हते.