वाड्याची राखण

साल १८३६. श्रावणातली रात्र, इंदापूरचा माळ. ऊस नाही, कालवा नाही, लांबवर एकही दिवा नाही. इंग्रज अधिकारी प्रिंगलने बसवलेला सारा झेपेना म्हणून कितीतरी कुळं गाव सोडून गेलीत आणि पड जमिनीत गुडघाभर गवत माजलंय. सारा नव्याने ठरवण्यासाठी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांची जमीनमोजणी याच तालुक्यात चालली आहे. साखळीवाले दिवसा हिंडतात. अंधार पडला की माळ मेंढरांचा.

चार पावलं पुढे टाका. आधी एक गुरगुर ऐकू येईल, मग पलीकडून दुसरी.

"पाव्हणं, तिथंच थांबा. कुत्री मोकळी हायती."

तुम्ही थांबता. म्हातारा मेंढका खांद्यावरचं घोंगडं सावरत येतो, तोंडाने बारीक आवाज काढतो आणि दोन कुत्री मागे सरतात. एक काळी मादी मात्र जागची हलत नाही. कान उभे, मान ओढ्याकडे. तिला तुमच्याशी काही देणंघेणंच नाही. लांडगं यायचं ते ओढ्यातून, वाऱ्याच्या उलट्या अंगाने. त्या लांडग्याला पाचच वर्षांपूर्वी, १८३१ मध्ये, कर्नल साइक्सने शास्त्रीय नाव दिलंय. काळीला त्याची ओळख जन्मापासूनची.

वाघरीच्या जाळ्यात मेंढरं दाटीने बसली आहेत. भोवती चार-सहा घरांची बिऱ्हाडं, हाच वाडा. केनेल क्लब ऑफ इंडिया निघायला अजून साठ वर्षं आहेत, तरी कुत्र्यांचा क्लब म्हणावा तर तो इथेच आहे. वंशावळीचा कागद नाही. कोणत्या मादीची पिल्लं निडर निघतात हे घराघरांत तोंडपाठ. पिल्लू कोकरांतच वाढतं, भाकरी खातं, आणि मोठं झालं की कळपालाच आपलं घर समजतं. कुत्रं एका घरचं, पण राखण सगळ्या वाड्याची. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो आणि त्याला वाहिलेले भक्त स्वतःला वाघ्या म्हणवून घेतात, त्यामागे अशा रात्रींचा मोठा हात असावा असं मला वाटतं.

आता पन्नासेक वर्षं ओलांडा. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी बारामतीत आलंय, पुढे इंदापूरकडे चाललंय. चराई आक्रसते, पण मेंढरांना नवं काम मिळतं. शेतकरी रानात रात्रभर मेंढरं बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतो. त्या रात्री कुत्री परक्या रानात पहारा देतात. रानमालक सकाळी आधी त्यांनाच भाकरी टाकतो.

आणखी पुढे या, आजच्या आषाढात. तुकोबांची पालखी काटेवाडीत आलीय, रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण धावतंय. हजारो फोन वर उचललेत. तुम्ही मात्र गर्दीच्या कडेला बघा. धुळीत बसलेलं वाड्यावरचं कुत्रं नजर न हलवता कळप जोखतंय.

इथून कडबनवाडीच्या गवताळ रानात चला. चिंकारा अजून दिसतात, लांडगाही. एखादं कोकरू लांडग्याने नेलं तर तो त्याचा वाटा, असं मानणारे मेंढके मी ऐकलेत; ही समज फार मोलाची आहे. धोका आता दुसरीकडून आहे. गावाबाहेरच्या उकिरड्यांवर बेवारस कुत्र्यांच्या झुंडी वाढल्या. त्यांच्यातून रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग राखणीच्या कुत्र्यांपर्यंत येतात, तिथून लांडग्यांपर्यंत जाऊ शकतात. २०२३ मध्ये तर पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचा जनुकीय पुरावाच संशोधकांनी मांडला. जी कुत्री लांडग्याला अंतरावर ठेवायची, त्यांच्याच जातभाईंमुळे हे अंतर मिटत चाललंय.

निदान रोगांची ही साखळी तोडायची तर राखणीच्या कुत्र्यांना लस टोचायला माणसं वाड्यावर गेली पाहिजेत. गावच्या दवाखान्यासमोर मांडव घातला म्हणून मेंढका कुत्री घेऊन येत नाही, कारण तो आला तर मेंढरं कोण राखणार? दसरा-दिवाळी झाली की वाडे कोकणाच्या वाटेला लागतात. आषाढ ते आश्विन एवढेच महिने ते घरच्या माळावर असतात. पशुवैद्यकाने संध्याकाळी यावं, मेंढरं वाघरीत शिरताना. तेव्हा सगळी कुत्री जागेवर असतात आणि मेंढक्याच्या हातात त्यांची मान धरायला वेळ असतो.