मोहेंजोदडोची मोरी

मंडळी, परवा आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. प्लंबर आला, मागच्या दारच्या चेंबरचं झाकण काढलं, बांबूची कामटी घालून गाळ उपसला, आणि मला मोहेंजोदडो आठवलं! (सूनबाईंच्या मते मला कशावरूनही इतिहास आठवतो.)

सिंधमधल्या या नगराचं उत्खनन १९२२ साली सुरू झालं. वर्गात मी फळ्यावर ‘उत्तम सांडपाणी व्यवस्था’ लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळायची. खरं तर थांबायला हवं होतं ते तिथेच. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांत मोरी असे, तीही बहुधा रस्त्याकडच्या भिंतीला लागून. तळाला भाजक्या विटा, इतक्या घट्ट बसवलेल्या की पाणी मुरू नये, आणि एका कोपऱ्याकडे उतार. तिथून भिंतीतल्या भोकातून पाणी बाहेरच्या गटारात. माडीवरचं पाणी मातीच्या भाजलेल्या नळातून खाली येई. गटारांवर विटांचं नाहीतर दगडी लाद्यांचं झाकण. जिथे गटार पोचलं नव्हतं तिथे भिंतीबाहेर मोठा रांजण ठेवत. सगळ्यात हुशारी वाटेतल्या कुंडीत. पाणी आधी तिच्यात पडे, गाळ तळाशी बसे आणि वरचं पाणी पुढे जाई. आमच्या चेंबरचंच काम!

एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “बाई, तो गाळ कोण काढायचं?” वर्ग हसला. त्याचे वडील नगरपालिकेत सफाईला होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. मी म्हटलं, “परीक्षेत येत नाही ते.” तो खाली बसला.

निवृत्तीनंतर अर्नेस्ट मॅके यांच्याविषयी वाचलं. १९२७ ते १९३१ या काळात त्यांनी तिथे खोदकाम केलं. त्यांना गटारांच्या कडेला वाळूमातीचे लहान लहान ढीग दिसले होते. सफाई करणाऱ्यांनी गाळ उपसून तिथेच टाकला आणि तो कुणी उचलून नेला नाही. तिथली लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे त्यांना काय म्हणत, मजुरी काय मिळे, काही कळत नाही. पण उत्तर होतं, बाळा. तुझा प्रश्न अगदी बरोबर होता.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. कुठे असतो कोण जाणे. प्लंबरला मी चहा दिला. गाळाचा ढीग मात्र अजून चेंबरपाशीच आहे.