अंगावरचं दूध आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब

पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध पुरतं. पाणी, मध, घुट्टी काही लागत नाही. कमी पडतं ते ड जीवनसत्त्व, दुधात ते फारच थोडं उतरतं. त्यात आपल्याकडे चिल्ल्याचे चाळीस दिवस आई-बाळ घरातच, ऊन लागणार कुठून? म्हणून डॉक्टर बाळाला वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात. ‘वरचं काही नको’ म्हणून आपण हे थेंबही बंद करतो, ते चूक. त्याने निव्वळ स्तनपान मोडत नाही. बाटली मात्र वाचून घ्यावी: एखादीत १ मिलीला ४०० युनिट, तर एखादीत ८००. बाळंतिणीच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवायच्या, पण एकत्र नाही. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.