प्रशिक्षण विमान : गिरकी व अवतरण

पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागापासून विलग झाली, की विमानास तोलून धरणारे उत्थापक बल एकाएकी घटते. त्याच वेळी विमान एका बाजूस वळत असेल, तर एका पंखाचे बल दुसऱ्यापेक्षा अधिक ढासळते आणि विमान स्वतःभोवती फिरत मळसूत्री मार्गाने खाली येते. या अवस्थेस गिरकी म्हणतात.

विमानोड्डाणाच्या आरंभकाळी गिरकी म्हणजे बहुधा मृत्यूच, अशी समजूत होती. जमीन वेगाने जवळ येताना दिसली, की वैमानिक स्वाभाविकपणे नियंत्रणदांडा मागे ओढी. त्यामुळे पंखाचा हवेशी होणारा कोन वाढे व गिरकी कायम राही. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॉल्झबरी पठारावर विल्फ्रेड पार्क या नौदल अधिकाऱ्याने वळणाविरुद्ध सुकाणू दाबून जमिनीपासून थोड्याच उंचीवर विमान सावरले. १९१७ मध्ये फ्रेडरिक लिंडमन या भौतिकीविज्ञाने फार्नबरो येथे स्वतः विमान मुद्दाम गिरकीत नेऊन नोंदी घेतल्या. यानंतर सुटकेचा उपाय योगायोगावर अवलंबून राहिला नाही.

सामान्यतः इंजिनाची शक्ती कमी करणे, पंखपाळ्या मध्यस्थितीत ठेवणे, फिरण्याच्या विरुद्ध दिशेस सुकाणू पूर्ण दाबणे व दांडा पुढे नेणे, असा क्रम असतो. फिरणे थांबताच सुकाणू मध्यावर आणून विमान सुरातून हळुवारपणे वर काढतात. तपशील प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेनुसार बदलतो.

या क्रमास उंची लागते आणि अवतरणाच्या वेळी नेमकी तीच नसते. धावपट्टीकडील अखेरचे वळण कमी वेगात, केवळ सुकाणूच्या जोरावर घट्ट केल्यास गिरकी लागू शकते. तेथे सुटकेपेक्षा प्रतिबंधच महत्त्वाचा. म्हणून अखेरच्या टप्प्यात वेग सामान्यतः उत्थापक बल ढासळण्याच्या वेगाच्या सु. १.३ पट राखतात.

भारतात या शिक्षणासाठी स्वदेशी विमान प्रथम विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. ‘एचटी-२’ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये बंगलोर येथे प्रथम उडाले आणि वायुसेनेच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. त्याच्या जागी आलेल्या ‘एचपीटी-३२ दीपक’ विमानात इंजिन बंद पडण्याचे प्रसंग वारंवार आले. इंजिनाविना तरंगत दूर जाण्याची त्याची क्षमता अल्प असल्याने सक्तीचे अवतरण कठीण होई. ३१ जुलै २००९ रोजी झालेल्या अपघातात दोन वैमानिक मृत्युमुखी पडले व त्यानंतर वायुसेनेने ही विमाने वापरणे थांबविले.

‘एचटीटी-४०’ या नव्या प्रशिक्षण विमानाचे पहिले उड्डाण ३१ मे २०१६ रोजी बंगळुरू येथे झाले. त्याच्या चाचण्यांत डाव्या व उजव्या अशा दोन्ही दिशांस सहा वळशांपर्यंतच्या गिरक्या घेऊन सुटका सिद्ध करण्यात आली. मार्च २०२३ मध्ये वायुसेनेसाठी अशा ७० विमानांचा करार झाला. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ च्या निर्मितीसाठी १९६४ मध्ये स्थापन झाला होता. ‘एचटीटी-४०’ ची दुसरी उत्पादन-शृंखला १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे सुरू झाली. लढाऊ विमानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्याकडे नवशिक्या वैमानिकाचे पहिले विमान घडविण्याचे कार्य अशा रीतीने आले. गिरकीतून निश्चितपणे बाहेर येणे व इंजिनाविनाही सुरक्षितपणे उतरणे, या दोन कसोट्यांवरच अशा विमानाची खरी योग्यता ठरते.