गाडीतला डिझेल हीटर सुरू होत नाही? आधी धूर बघा, मग पाना हातात घ्या!

युरोपातले ट्रकवाले रात्री गाडीतच झोपतात. बाहेर उणे १५ अंश असतात आणि इंजिन मात्र बंद असतं. मग केबिन गरम कशी राहते? त्यासाठी सीटखाली एक छोटा डिझेल हीटर बसवलेला असतो. यात जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरस्पेशर या दोन कंपन्यांचं नाव सर्वात मोठं. गंमत म्हणजे दोन्हींची सुरुवात एसलिंगेन या एकाच गावात झाली. आता स्वस्त चिनी हीटरही मिळतात आणि हौशी मंडळी ते कॅम्पर व्हॅनमध्ये बसवतात. सगळ्यांची रचना जवळपास सारखीच असते.

हीटर सुरू केला की आधी पंखा फिरतो आणि ग्लो पिन लालबुंद तापते. मग छोटा पंप टिकटिक करत थेंब थेंब डिझेल सोडतो आणि ज्योत पेटते. ज्योत पेटल्याचं सेन्सरला कळलं की ग्लो पिन बंद होते. जळालेला धूर वेगळ्या पाईपने गाडीबाहेर जातो आणि केबिनमध्ये फक्त गरम हवा येते. ज्योत पेटली नाही तर हीटर पुन्हा प्रयत्न करतो. अनेकदा अपयश आलं तर बरेच हीटर स्वतःला लॉक करून घेतात, म्हणून सारखं बटण दाबत बसू नका.

सर्वात आधी बॅटरी तपासा. ग्लो पिन सुरुवातीला खूप करंट खेचते. बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे सगळं ठीक, असं नाही. हीटर सुरू होत असताना त्याच्या स्वतःच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. तिथे व्होल्टेज साडेदहाच्या आसपास घसरत असेल तर दोष हीटरचा नाही. बारीक वायर, गंजलेलं फ्यूज होल्डर किंवा ढिली अर्थिंग शोधा. निम्मे ‘बिघडलेले’ हीटर इथेच बरे होतात, असं म्हटलं तरी चालेल.

आता एक्झॉस्टकडे बघा. अजिबात धूर नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. पंपाची टिकटिक ऐकू येत नसेल तर पंप किंवा त्याची वायर तपासा. टिकटिक आहे पण डिझेल नाही, तर फिल्टर तुंबलाय किंवा नळीत हवा शिरलीय. टाकीतलं डिझेलही पाहा! हीटरची नळी मुद्दाम तळापासून वर ठेवतात, म्हणजे हीटरने टाकी रिकामी करून गाडी अडकू नये. कडाक्याच्या थंडीत साधं डिझेलच गोठतं. म्हणूनच लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं.

पांढरा दाट धूर म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाही. इथे संशय ग्लो पिन आणि तिच्याभोवतीच्या बारीक जाळीवर. काळा धूर आला तर हवा कमी पडतेय. हवेचा पाईप चिखलाने किंवा पाल्याने बुजलाय का, ते बघा.

काळ्या धुराचं दुसरं कारण काजळी. हीटर तासन्‌तास मंद आचेवर चालला की ती आत साचते. मग बर्नर खोलावाच लागतो. काजळी खरवडून काढा, जाळी नवीन टाका आणि गॅस्केट कधीही जुनं वापरू नका. पुढे महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातही, हीटर थोडा वेळ पूर्ण आचेवर चालवा. बंद करताना बटणानेच करा. थेट बॅटरीची वायर काढली तर पंखा थांबतो आणि आतली उष्णता सुटे भाग जाळते.

गॅस्केटबद्दल एवढा आग्रह का? कारण ते गळलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येऊ शकतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. एक्झॉस्टचा जोड सैल असेल किंवा तोंड बर्फाने बुजलं असेल तरी हाच धोका. दुरुस्तीनंतर पहिली चाचणी दारं उघडी ठेवून घ्या आणि झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीभोवतीच्या धातूच्या कवचाला, तडा दिसला तर वेल्डिंगच्या फंदात पडू नका. तो भाग सरळ बदला.