डोंगरीचं कापड आणि विकतचं विटणं

हदगावच्या बाजारात गुडघ्यावर विटलेली, फाटलेली जीन्स कोऱ्या जीन्सशेजारीच टांगलेली असते. जुनी माणसं हसतात, "पैसे देऊन फाटकं घ्यायचं?" हसू येणारच. पण मंडळी, या विटण्याला मोठा इतिहास आहे आणि त्यात आपलंही नाव आहे.

गॅरेजातला माणूस घालतो ती डांगरी. हा शब्द इंग्रजीतून आला असं वाटतं, पण तो आधी गेला इथूनच. मुंबईच्या डोंगरी भागात जाडंभरडं, स्वस्त सुती कापड विकलं जायचं. सतराव्या शतकापासून इंग्रजी कागदांत त्याचा उल्लेख येतो. जहाजांची शिडं आणि खलाशांचे कपडे त्याचे शिवत.

डेनिम ही त्याचीच चुलत बहीण, तीही कष्टकऱ्यांची. मजुरांचे खिसे सारखे उसवायचे म्हणून शिंपी जेकब डेव्हिस यानं कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. २० मे १८७३ ला त्याला आणि लेव्ही स्ट्रॉसला अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं.

डेनिमचा उभा धागा निळीत बुडवतात, आडवा पांढरा ठेवतात. नीळ धाग्याच्या वरवरच बसते, गाभा पांढराच राहतो. म्हणून न धुतलेली कोरी डेनिम घालत गेलं की जिथं घासतं तिथं पांढरं उघडं पडतं. गुडघे, मांडीवरच्या चुण्या, खिशातल्या मोबाईलचा चौकोन. पँट बघून माणसाचं काम ओळखावं!

पण एवढा धीर कुणाला? मग कारखान्यातच दगडांसोबत धुऊन, वाळूचा फवारा मारून ती झिजवतात. त्या वाळूच्या धुळीनं तुर्कस्तानात तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, काहींचे जीव गेले. २००९ ला तिथं या पद्धतीवर बंदी आली. न केलेल्या कष्टाची खूण पँटीवर उमटवायला दुसऱ्याची फुफ्फुसं झिजली.

आपला तालुका कापसाचा. पैनगंगेपल्याड यवतमाळला डेनिमचा मोठा कारखाना आहे. नांदेडची निजामकाळातली उस्मानशाही मिल मात्र कधीच बंद पडली. कापूस आपला, पण त्याची किंमत वाढते ती गाव सोडल्यावर.

वेचणीला जाताना आपल्या बायका साडीवर घरधन्याचा जुना शर्ट घालतात. बोंडांच्या टोकांनी त्याच्या बाह्या विरतात. त्याला कुणी फॅशन म्हणत नाही, पण खरी झीज तीच.

पोरांनो, जीन्स घ्यायचीच तर कोरी घ्या. झिजवायचं काम तुमचं तुम्ही करा.